काळी, मुरूम, मांजऱ्या, पाषाण

मराठवाड्याची बातमी बाहेर जाते ती दोनच प्रकारची, एकतर पाऊस पडला नाही म्हणून नाहीतर पाऊस लई पडला म्हणून. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, जलदूत म्हणत होते त्या गाडीला, अन् 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीना, मांजरा, गोदावरी सगळ्यांनीच पात्र सोडलं, सोयाबीन तर गेलंच पण खालची मातीसुद्धा गेली. दोन्ही वेळेला लोकं आभाळाकडं बोट दाखवतात. मला खूप दिवसांपासून लिहायचं होतं की ह्या दोन्ही बातम्या एकाच गोष्टीच्या आहेत अन् ती गोष्ट पायाखालून सुरू होते. आपला खडक, त्या खडकाची झालेली माती, तिच्यावर पडणारा पाऊस अन् तिच्यात शिरलेली मुळं, ह्यातलं कुणीच एकटं काम करत नाही. एकानं काही केलं की बाकीच्या तिघांना ते निस्तरावं लागतं.

आधी खडकाचं सांगते. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबलांब चिरा पडून लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा एखादा डोंगर फुटला असं काही नव्हतं, चिरांमधून पातळ लाव्हा निघाला अन् पार लांबपर्यंत पसरत गेला, थंड झाला, मधे बरीच वर्षं गेली, परत दुसरा आला. हे लाखो वर्षं चाललं. भाकरीवर भाकरी ठेवत जावी तसे थर बसत गेले, अन् आजसुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास हा बेसाल्ट पसरलेला आहे, सगळा मराठवाडा जवळपास त्याच्यावरच बसलाय. पश्चिमेकडं हे थर जाड, कोयनेला जे खोल ड्रिलिंग झालं तिथं नऊशे मीटरच्या वर बेसाल्ट लागला, अन् पूर्वेकडं येईल तसं पातळ होत जातं, किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच खालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडं गेलात तर बेसाल्ट संपतोच, तिथं ग्रॅनाइटच्या गोल शिळा उघड्यावर दिसतात. एसटीतून जाताना खिडकीतूनसुद्धा हा बदल कळतो, बघा कधीतरी.

आता हे थर पुस्तकात वाचण्यापेक्षा विहिरीत बघावेत. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, अन् मागच्या उन्हाळ्यात चुलतभावानं नवीन विहीर घेतली. काम चालू असताना मी क्रेनच्या डब्यात बसून खाली उतरले होते. वर चार-पाच फूट काळी माती. तिच्या खालच्या अंगाला बोरासारखे पांढरे चुनखडीचे खडे. मग मुरूम, पिवळट, टिकावानं निघणारा. मग एक थर आला त्यात बारीक बारीक भोकं, काही भोकं रिकामी, काहींत पांढऱ्या स्फटिकाच्या गाठी बसलेल्या, उन्हात अशा चमकत होत्या की मी दोन-चार पदरात बांधून आणल्या. क्रेनवाले मामा वरून ओरडले, "ताई, मांजऱ्या लागलाय, आता पाणी हितंच, खाली पाषाण लागला तर सुरुंगाचा खर्च वाया." अन् तसंच झालं. मांजऱ्याच्या बुडाशी एका बाजूनं पाझर सुरू झाला, त्याच्याखाली काळा कुळकुळीत पाषाण, त्याला घाम पण फुटेना.

मामा शाळेत फारसे गेलेले नाहीत पण ते जे बोलले ते अगदी बरोबर आहे. लाव्ह्याचा थर थंड होताना त्यातला वायू वर वर येतो अन् वरच्या भागात बुडबुडे अडकून राहतात, तो झाला मांजऱ्या. मधला भाग सावकाश गार होतो, त्यात बुडबुडे नसतात, तो झाला पाषाण. अन् दोन थरांच्या मधे कधीकधी लाल गेरूसारखा पट्टा असतो, म्हणजे पहिला थर उघड्यावर पडून झिजला, त्याची माती झाली, अन् मग वरून दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजून निघाली. पाणी राहणार ते मांजऱ्याच्या भोकांत, पाषाणाला पडलेल्या चिरांत अन् मुरमात. बाकी कुठं नाही. ह्या खडकात पाणी धरायला जागा असते शंभरात एक ते तीन भाग, बस. पंजाबात किंवा गंगेच्या खोऱ्यात खाली शेकडो फूट वाळू आहे, तिथली विहीर अन् आपली विहीर ही बरोबरी होऊच शकत नाही. आपल्याकडं पाचशे फुटाच्या बोअरला पाणी लागलं तर ते एखाद्या चिरेत शेकडो वर्षं साठलेलं असू शकतं, अन् ते उपसलं की ती चीर परत कधी भरणार ह्याचा भरवसा नाही. शेजारी सहाशे फूट गेला म्हणून आपण सातशे जायचं ही जी शर्यत गावोगाव चाललीय ती बघून जीव तुटतो.

मुरमाच्या थरात अजून एक गोष्ट होती जी मी बराच वेळ बघत बसले. बांधावरच्या बाभळीचं एक मूळ, सुतळीएवढं, दगडाच्या चिरेतून खाली गेलेलं. मुळाच्या दोन्ही बाजूंचा दगड पिवळसर पडलेला, नखानं उकरला तर भुगा होत होता. तिथून वीतभर लांबचा दगड मात्र काळा अन् टणक, त्याच्यावर नख सोडा, खिळापण घसरत होता. म्हणजे माती कशी होते ते तिथं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. मूळ श्वास सोडतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड मातीतल्या ओलीत विरघळतो, मातीच्या आतल्या हवेत तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, अन् त्याचं सौम्य ॲसिड होतं. ते ॲसिड बेसाल्टला हळूहळू खातं. दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात उतरतं अन् मागं जे उरतं त्याची चिकणमाती बनते. कॅल्शियम पाण्याबरोबर खाली जातं, पण आपल्याकडं पाऊस एवढा नाही की ते सगळं धुऊन नदीला जाईल, म्हणून बरंचसं वाटेतच बसतं, तेच ते चुनखडीचे खडे. जे नदीला लागतं ते समुद्रात जाऊन शेवटी चुनखडकात अडकतं, अन् त्याच्याबरोबर हवेतला कार्बनसुद्धा लाखो वर्षांसाठी अडकतो. बेसाल्ट ह्या कामात बाकीच्या बऱ्याच खडकांपेक्षा तेज आहे. आपल्या वावरातला दगड झिजतोय अन् त्यानं पृथ्वीची हवा थोडी थोडी गार होत आलीय, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला तेच सांगत होते.

हाच बेसाल्ट कोकणात अन् सह्याद्रीच्या माथ्यावर पण आहे. पण तिथं तीन-चार हजार मिलिमीटर अन् कुठंकुठं त्याच्याही वर पाऊस, त्या पावसानं दगडातलं सगळं धुऊन नेलं, मागं उरलं लोखंड अन् ॲल्युमिनियम, म्हणून तिथं जांभा अन् लाल माती. आपल्याकडं सगळं मिळून साधारण 700 मिलिमीटर, म्हणून इथं काळी. आई एकच, पोरं दोन, अन् फरक केला पावसानं.

अन् पावसाचा फरक कुणी केला, तर परत खडकानंच. लाव्हा वाहून गेल्यावर पश्चिमेचा जमिनीचा तुकडा, आज जिथं सेशेल्स बेटं आहेत तो, आपल्यापासून तुटून लांब गेला, इकडची कड उंच राहिली, तोच सह्याद्री. त्यामुळं सगळ्या पठाराचा उतार पूर्वेला. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर, पण ती पाठ फिरवून 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. जून-जुलैत अरबी समुद्रावरून ढग येतात ते सह्याद्रीला धडकून तिकडंच रिकामे होतात, आपल्याकडं येतो तो नुसता वारा. पैठणचं जायकवाडी भरतं ते पण आपल्या पावसावर कमी अन् नाशिक-नगरच्या पावसावर जास्त, म्हणून तर दरवर्षी पाण्यावरून वरच्यांचं अन् खालच्यांचं वाजतं. पण पूर्वेकडून आपल्याला कुठला डोंगर आडवा नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला अन् आंध्र-तेलंगणावरून इकडं सरकला तर तो थेट नांदेड, लातूर, धाराशिव, बीडवर येऊन पडतो, अन् हे जास्त करून ऑगस्टच्या शेवटाला नाहीतर सप्टेंबरमध्ये. म्हणून आमच्याकडं जूनमध्ये पेरणीसाठी डोळे लावून बसायचं अन् सप्टेंबरात काढणीला आलेलं पीक पाण्यात बघायचं, असं एकाच वर्षात दोन्ही होतं. ह्यात समुद्राची गरम हवा जितकी वाफ उचलेल तितका एका दमात पडणारा पाऊस वाढणार, हे तर आता सगळेच सांगतायत.

तो पाऊस पडतो कुणाच्या अंगावर तर काळीच्या. काळीचा स्वभाव माहीत नसेल तर मराठवाडा कळणार नाही. उन्हाळ्यात ही जमीन आक्रसते, भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो, कुठंकुठं तर कमरेएवढी काठी जाते. पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो, ते चांगलंच असतं, अन् वरची भुसभुशीत माती पण भेगेत ढासळते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला थोडी उलटीपालटी करून घेते. मग माती फुगते, भेगा मिटतात, अन् एकदा मिटल्या की दार बंद. त्यानंतर तासाला काही मिलिमीटर पाणी मुरलं तरी खूप. एका महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडला की सरकारी हिशोबात ती अतिवृष्टी धरतात, पण ते 65 दिवसभर रिपरिप पडले का दीड तासात पडले ह्यानं जमिनीला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दीड तासात पडले तर मुरायला सवडच नाही, सगळं पाणी वरून पळतं अन् जाताना माती घेऊन जातं. खाली पाषाण असल्यामुळं मुरलेलंसुद्धा लवकर तुंबतं, वापसा येत नाही, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकत नाही, कपाशी पिवळी पडते. अन् हीच काळी पाऊस थांबल्यावर दोन-अडीच महिने ओल धरून ठेवते, नुसत्या त्या ओलीवर अन् थंडीतल्या दवावर ज्वारी येते, पाणी न देता. आपली रब्बीची ज्वारी म्हणजे काळ्या मातीनं उचललेला भार आहे. तिला नुसतं वाईट म्हणून चालत नाही.

पाणी पळालं की ते डोंगर कोरतं. आमच्याकडं सौताड्याला विंचरणा नदी बालाघाटावरून खाली उडी घेते, रामेश्वराचं देवस्थान आहे तिथं, पावसाळ्यात गर्दी असते, सगळे फोटो धबधब्याचे काढतात. मी म्हणेन कड्याकडं बघा. कड्याला आडव्या पट्ट्या दिसतात, एक टणक, एक मऊ. पाण्याचे तुषार अन् ओल मऊ पट्टीला आतून खात राहतात, ती मागं सरकते, वरची टणक पट्टी अधांतरी राहते अन् एक दिवस तिचा मोठा धोंडा तुटून खाली पडतो. असं करत करत धबधबा मागं मागं सरकतो अन् दरी लांबत जाते. अजिंठ्याला वाघुर नदीनं घोड्याच्या नालेसारखं वळण घेऊन जो कडा कापलाय तो पण ह्याच जातीचं काम, अन् त्या कापलेल्या कड्यामुळं लेणी खोदायला उभी भिंत आयती मिळाली. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलं ते शक्य झालं कारण लाव्ह्याचे जाड थर तिथं होते. हजार-बाराशे वर्षांनंतरसुद्धा ते उभं आहे, पण त्याच खडकाच्या चिरांतून पावसाळ्यात पाणी पाझरतं अन् अजिंठ्याच्या चित्रांना त्याचा त्रास होतो.

किल्लारीबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोकं दमून झोपलेली. 6.2 तीव्रतेचा धक्का, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरी पण फळीवरची भांडी वाजली होती असं आई सांगते. तोपर्यंत आपला भाग म्हणजे अगदी पक्का, इथं मोठा भूकंप होत नाही असंच बहुतेक लोकं धरून चालले होते. पण आपली सगळी जमीन उत्तरेला आशियाला रेटत चाललीय, त्या रेट्यानं तिकडं हिमालय उभा राहिला अन् तोच ताण इकडं लाव्ह्याच्या खालच्या जुन्या खडकात साठत होता, वरून काहीच दिसत नव्हतं. धक्का फार खोल नव्हता, दहा किलोमीटरच्या आतच, म्हणून वर जास्त जाणवला. पण एवढी माणसं गेली ती घरांमुळं. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, चिखलात रचलेल्या, अन् वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. माळवदावर पांढरी माती टाकलेली असते, उन्हात घर गार राहतं, अन् पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी वर नवीन थर द्यायचा. वर्षानुवर्षं थर देऊन छताचं वजन वाढत गेलं. ऊन, पाऊस, माती, दगड ह्यांना तोंड द्यायला आजोबा-पणजोबांनी जे घर शोधून काढलं होतं ते चार महिन्यांच्या उन्हाला अन् चार महिन्यांच्या पावसाला पुरेपूर होतं, भूकंपाचा मात्र त्यात विचारच नव्हता, कारण एवढा मोठा धक्का कुणाच्या आठवणीत नव्हताच. मला अजूनही ह्याच्यावर पटकन काही बोलता येत नाही.

आता माणसाचं. आपणसुद्धा ह्या सगळ्यात आहोत, बाहेर नाही. बालाघाटाच्या उतारांवर आधी गवत होतं, कुसळी, पवना, मारवेल, मधे बोरी, तरवड, बाभळी. गवत पावसाचा थेंब अंगावर घेतं, मातीवर पडू देत नाही, अन् मुळांनी उतार बांधून ठेवतं. माळ नांगरले, चराई वाढली, बांध कोरून कोरून वीतभर राहिले, ट्रॅक्टर उताराच्या दिशेनं चालतो कारण वळायला सोपं पडतं, प्रत्येक सरी म्हणजे पाण्याला मोकळी वाट. अन् खाली पाण्याची कमतरता असताना ऊस. ऊस लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, दुसऱ्या कुठल्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आहे ते सांगा मग बोलू, पण शंभरात एक ते तीन भाग पाणी धरणाऱ्या खडकातून बारा महिने उपसा चालणार नाही हे खडकाचं म्हणणं आहे, माझं नाही.

सप्टेंबरच्या पाण्यात दादाची नदीकडची पट्टी खरडून गेली. तिकडं आम्ही पाणी ओसरल्यावर गेलो तर वरच्या अंगाला नुसता मुरूम उघडा पडलेला, मधे पाण्यानं गुडघाभर खोल नळी पाडलेली अन् खालच्या अंगाला गोटे अन् वाळू. पाणी सुद्धा निवड करत जातं, जड ते आधी टाकतं, हलकं ते लांब नेतं, म्हणजे जी बारीक माती पिकाच्या कामाची ती सगळ्यात लांब जाते. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती एका रात्रीत गेली. दादा काहीच बोलला नाही, एका गोट्यावर बसून राहिला.

ती माती गेली कुठं तर बरीचशी खालच्या पाझर तलावात. हा तलाव 72 च्या दुष्काळातल्या कामाचा, आज्जीनं पण त्याच्यावर पाट्या वाहिल्यात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ह्या योजनेत 2017 पासून गावोगाव असा गाळ काढतात, पोकलेन लागतो अन् शेतकरी आपापल्या ट्रॅक्टरनं नेतात. वाहून गेलेली माती परत वर आणायची, नदीचं काम उलटं करायचं, डिझेल जाळून. खर्च आहे पण तलाव पण खोल होतो अन् पाषाणावर, मुरमावर परत माती बसते. फक्त गाळात बहुतेक चिकणमाती असते, आधीच भारी काळी असलेल्या रानात टाकला तर निचरा अजून बिघडतो, तो टाकायचा हलक्या, मुरमाड जमिनीत, अन् चोपण, म्हणजे क्षार साचलेल्या चिकट जमिनीच्या भागातला असेल तर तपासून. गावात काहीजण दिसेल तिथं ढीग लावतात, दोन वर्षांनी जमीन बिघडली म्हणून बोंबलतात.

आमची खरडलेली पट्टी मुरमाड झाली आहे त्यामुळं तिला गाळ चालेल, पण आधी उताराला आडवा बांध पक्का झाला पाहिजे, नाहीतर पुढच्या सप्टेंबरात तोच गाळ परत तलावात. बांधावर मारवेल लावायचं ठरलंय. त्या गवताचे मुळासकट ठोंब वरच्या गायरानात आहेत, पण ते पहिल्या पावसानंतर ओल धरल्यावरच काढावे लागतात, म्हणून मे महिन्यात पोकलेन मिळाला तर गाळ अन् बांध, अन् जूनमध्ये ठोंब, असा हिशोब आहे. पोकलेनचा नंबर अजून लागलेला नाही, आमच्या पुढं सहा जण आहेत.